सेकंद हा ‘दुसरा’, मग पहिला कुठे गेला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीच्या वर्गात इंग्रजी शिकवताना एका मुलीनं विचारलं, ‘सेकंड’ म्हणजे दुसरा आणि ‘सेकंद’ म्हणजे मिनिटाचा साठावा भाग, तर हे दोन्ही एकच का? आणि एकच असतील तर वेळेतला ‘फर्स्ट’ कोणता? तुम्ही तिला ‘घड्याळात मागाहून आलेला दुसरा काटा, म्हणून सेकंड’ असं अंदाजानं सांगितलंत, पण तुमचं तुम्हालाच ते पटलं नाही. शिवाय एखाद्या कर्मचाऱ्याला काही काळ दुसऱ्या खात्यात पाठवतात, तेव्हा इंग्रजीत त्याला ‘सेकंडेड’ म्हणतात. तो ‘सेकंड’ या दोहोंपैकी कोणता, हेही तुम्हाला हवं आहे.

मी बरीच वर्षं इंग्रजी-मराठी कोशाच्या कामात आहे आणि या शब्दाची नोंद मला फार आवडते, कारण इतक्या छोट्या शब्दात इतका मोठा प्रवास क्वचित सापडतो. आधी सरळ उत्तर देतो. होय, तिन्ही ‘सेकंड’ एकाच मुळातून आलेले आहेत. घड्याळाच्या काट्याचा मात्र या नावाशी संबंध नाही. वेळेतला ‘पहिला’ म्हणजे आपलं मिनिट. त्याच्या नावातून ‘पहिला’ हा शब्द गळून पडला, एवढंच.

त्या मुलीचा प्रश्न ‘दोन अर्थ का’ असा दिसत असला तरी खरी अडचण वेगळी आहे, असं मला वाटतं. एका शब्दाला दहा अर्थ असणं नवीन नाही. इथे कोड्यात टाकणारी गोष्ट ही की रांगेतला क्रमांक सांगणारा शब्द मोजमापाचं एकक कसा झाला? कुणी ‘तिसरा’ नावाचं वजन किंवा ‘चौथा’ नावाचं अंतर मोजत नाही. मग वेळेतच ‘दुसरा’ कसा मोजला जातो?

मराठी माणसाला हे कोडं जरा जास्तच अवघड जातं. एकच इंग्रजी शब्द आपल्याकडे दोन रूपांत वावरतो. वेळेसाठी आपण ‘सेकंद’ म्हणतो, तर क्रमासाठी ‘सेकंड क्लास’, ‘सेकंड हँड’, ‘सेकंड इनिंग’. एकाच्या शेवटी ‘द’, दुसऱ्याच्या शेवटी ‘ड’. त्यामुळे हे दोन निरनिराळे शब्द आहेत असं कानालाच वाटत राहतं. इंग्रजीत दोहोंचं स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. तिथे हा भेद फक्त संदर्भानं कळतो.

‘एकच शब्द’ म्हणजे काय, हे मात्र तुम्ही कुठून बघता त्यावर ठरतं. उगम पाहायचा तर शब्द निःशंक एकच आहे. आजचा वापर पाहायचा तर ‘जस्ट अ सेकंड’ म्हणणाऱ्याच्या मनात दुसरेपणाची पुसटशीही जाणीव नसते आणि तिथे ते दोन शब्दच समजावे लागतात. म्हणूनच काही कोश दोन्ही अर्थ एका नोंदीत देतात, तर काही दोन स्वतंत्र नोंदी करतात. दोन्ही पद्धती बरोबर आहेत. मी स्वतः दोन नोंदी करून दोन्हीकडे व्युत्पत्ती एकच दाखवण्याच्या बाजूचा आहे. शोधणाऱ्याला हवा तो अर्थ लगेच सापडतो आणि नातंही लपत नाही.

आता मुळाकडे जाऊ. लॅटिनमध्ये ‘सेक्वी’ म्हणजे मागोमाग जाणं. त्यावरून ‘सेकुंदुस’, म्हणजे मागोमाग येणारा. पहिल्याच्या मागे येतो तो दुसरा, असा साधा हिशेब. सिक्वेन्स, सीक्वल, कॉन्सिक्वेन्स हे सगळे याच घरातले. संस्कृतमधला ‘सच्’ हा धातूही याच कुळातला आहे, त्याचा अर्थ सोबत असणं, साथ देणं. त्यावरून आपला ‘सचिव’ आला, म्हणजे मुळात सोबती. सेकंद आणि सचिव लांबचे का होईना, नातेवाईक आहेत, हे वर्गात सांगितलंत तर मुलं बाकीचं सगळं लक्ष देऊन ऐकतील.

इंग्रजीत हा शब्द मूळचा नाही, ही गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या इंग्रजीत ‘दुसरा’ म्हणायला आजच्या ‘अदर’चंच जुनं रूप वापरत. आपल्या ‘दुसरा’ या शब्दात ‘क्रमानं दुसरा’ आणि ‘वेगळा’ हे दोन्ही अर्थ आहेत ना, तसंच तिथेही होतं. ‘एव्हरी अदर डे’ म्हणजे एक दिवसाआड, या प्रयोगात तो जुना ‘दुसरा’ आजही जिवंत आहे. क्रम आणि वेगळेपण यांची सरमिसळ व्हायची, म्हणून साधारण इ.स. १३००च्या सुमारास इंग्रजीनं फ्रेंचकडून ‘सेकंड’ घेतला आणि ‘अदर’ला वेगळेपणाच्या अर्थापुरतं ठेवलं. थर्ड, फोर्थ, फिफ्थ हे सगळे घरचे आणि त्यांच्यात हा एकटाच बाहेरून आलेला. ‘वन’शी ‘फर्स्ट’चं आणि ‘टू’शी ‘सेकंड’चं रूप का जुळत नाही, असा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ‘सेकंड’पुरतं उत्तर हे. ‘फर्स्ट’ घरचाच आहे, पण त्याचा मूळ अर्थ ‘सर्वांत पुढचा’ असा असल्यामुळे त्याचाही ‘वन’शी संबंध नाही.

आता वेळ. खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बॅबिलोनियातले खगोलाभ्यासक साठच्या पटीत आकडेमोड करत. साठला दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. त्यामुळे अपूर्णांकांचा त्रास कमी होतो. ही पद्धत ग्रीक खगोलशास्त्रज्ञांनी उचलली. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीनं आपल्या मोठ्या ग्रंथात वर्तुळाचे ३६० अंश केले आणि प्रत्येक अंशाचे साठ भाग पाडले. ते झाले ‘पहिले साठावे भाग’. त्यांतल्या प्रत्येकाचे पुन्हा साठ भाग पाडले, ते ‘दुसरे साठावे भाग’. इथला ‘दुसरा’ रांगेतला दुसरा नाही. तो दुसऱ्या खेपेच्या विभागणीतून निघालेला आहे. तुमच्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचं मर्म या एका वाक्यात आहे.

हा ग्रंथ पुढे अरबीत गेला. अरबीत आजही मिनिटाला ‘दकीका’ म्हणतात, म्हणजे बारीक, सूक्ष्म, आणि सेकंदाला ‘सानिया’, म्हणजे चक्क ‘दुसरी’. स्पेनमधल्या टोलेडो इथे जेरार्ड ऑफ क्रेमोना या भाषांतरकारानं ११७५मध्ये टॉलेमीच्या ग्रंथाचं अरबीतून लॅटिन भाषांतर पुरं केलं. मध्ययुगीन लॅटिनमध्ये या दोन भागांची नावं रुळली ती अशी: ‘पार्स मिनुता प्रिमा’, म्हणजे पहिला बारीक भाग, आणि ‘पार्स मिनुता सेकुंदा’, म्हणजे दुसरा बारीक भाग.

ही तीन-तीन शब्दांची नावं रोजच्या आकडेमोडीत कोण घेणार? ती आखूड झाली. पहिल्या नावातून ‘मिनुता’ उरलं आणि दुसऱ्यातून ‘सेकुंदा’. म्हणजे एका नावातला ‘बारीक’ राहिला आणि दुसऱ्या नावातला ‘दुसरा’ राहिला. जोडीतले उरलेले तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आपण ‘पहिला’ शोधत बसतो. मिनिट या शब्दाचा मूळ अर्थ फक्त ‘बारीक केलेला’ एवढाच आहे. त्याच स्पेलिंगचं ‘मायन्यूट’ हे विशेषण आजही ‘अतिसूक्ष्म’ या अर्थानं चालतं. मायनस आणि मेनू हे शब्दही त्याच मुळाचे.

तरी ‘पहिला’ पुरता हरवला असं नाही. कोन मोजताना आपण अंश, कला (अंशाचा साठावा भाग) आणि विकला (कलेचा साठावा भाग) लिहितो. कलेसाठी आकड्यावर एक तिरकी रेघ आणि विकलेसाठी दोन. इंग्रजीत या एका रेघेला ‘प्राइम’ म्हणतात, आणि प्राइम म्हणजे ‘प्रिमा’, पहिला. एक रेघ म्हणजे पहिली विभागणी, दोन रेघा म्हणजे दुसरी. बोलण्यातून गळालेला क्रमांक चिन्हात शाबूत आहे. फूट-इंच लिहितानाही याच रेघा वापरतात, पण तिथे साठाचा काही संबंध नाही. ते नुसतं उसनं घेतलेलं चिन्ह.

इथवरचं एकत्र करून सांगतो. ‘सेकुंदुस’चा मूळ अर्थ मागून येणारा. त्यावरून दुसरा. साठाच्या दुसऱ्या विभागणीतून निघालेला म्हणून ‘दुसरा बारीक भाग’, आणि त्या नावातलं ‘बारीक भाग’ गळून उरला तो सेकंद.

आता काट्याचं बघू. व्युत्पत्तीच्या बाबतीत कितीही पटणारा खुलासा समोर आला तरी मी आधी तारखा बघतो. जी वस्तू शब्दानंतर जन्माला आली, तिच्यावरून शब्दाला नाव पडू शकत नाही. चॉसर या इंग्रज कवीनं १३९१मध्ये आपल्या दहा वर्षांच्या मुलासाठी अ‍ॅस्ट्रोलेब या खगोलयंत्रावर एक पुस्तिका लिहिली. मुलाला लॅटिन फारसं येत नव्हतं म्हणून ती मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिली. त्यात तो सांगतो की राशीच्या प्रत्येक अंशात साठ मिनिटं, प्रत्येक मिनिटात साठ सेकंद, आणि असंच पुढे बारीक बारीक भाग अनंतापर्यंत. हे वाक्य बारकाईनं पाहा. इथे घड्याळ नाही, वेळही नाही. ही आकाशातल्या कोनाची मापं आहेत. त्या काळात युरोपातल्या यांत्रिक घड्याळांना सहसा एकच काटा असे, तासाचा. हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६मध्ये लंबकाचं घड्याळ केलं, त्यानंतर मिनिटकाटा सर्रास दिसू लागला. तोवरची घड्याळं दिवसात कित्येक मिनिटांनी चुकत, त्यामुळे सेकंद दाखवण्यात अर्थच नव्हता. सोळाव्या शतकात खगोलाभ्यासासाठी केलेल्या काही घड्याळांत सेकंद दाखवत, पण तो अपवाद.

तेव्हा शब्द आधीचा आणि काटा कितीतरी नंतरचा. शिवाय मोजून पाहिलं तर तासकाटा, मिनिटकाटा आणि मग सेकंदकाटा, म्हणजे तो तिसरा येतो. इंग्रजीतला ‘सेकंड हँड’ हा शब्द घड्याळाच्या बाबतीत ‘सेकंद दाखवणारा काटा’ अशा अर्थाचा आहे, दुसरा काटा नव्हे. वापरलेल्या वस्तूला म्हणतात तो ‘सेकंड हँड’ वेगळा. ती वस्तू दुसऱ्या हाती गेलेली असते. दिसायला दोन्ही सारखे, पण एकात सेकंद वेळेचा आणि दुसऱ्यात क्रमाचा. वर्गात नेमकी फसगत होते ती इथे.

कोनाची नावं वेळेला कशी लागली? पूर्ण आकाश चोवीस तासांत एक फेरी मारताना दिसतं, म्हणजे तासाला पंधरा अंश. त्यामुळे खगोलाभ्यासकाला वेळ आणि कोन ही एकाच गोष्टीची दोन मापं वाटत. त्यांनी अंशाप्रमाणेच तासाचेही साठ आणि पुन्हा साठ भाग पाडले आणि नावं तीच ठेवली. मापं मात्र सारखी नाहीत. वेळेच्या एका सेकंदात आकाश कोनाचे पंधरा सेकंद, म्हणजे पंधरा विकला, सरकतं. खगोलावरचं इंग्रजी लिखाण मराठीत आणताना हा घोटाळा मी अनेकदा पाहिला आहे. कोनासाठी आपल्याकडे कला-विकला हे स्वच्छ शब्द आहेत. ते वापरावेत, असा माझा आग्रह असतो.

दुसरी विभागणी आहे तर तिसरी का नाही, हा प्रश्न ती मुलगी आता नक्की विचारेल. होती, तिसरीही होती आणि चौथीही. अल्-बिरुनी या खगोलाभ्यासकानं इ.स. १०००च्या सुमारास अमावास्येच्या वेळा काढताना तास, मिनिट, सेकंद, ‘तिसरे’ आणि ‘चौथे’ असे भाग वापरले. रॉजर बेकन या इंग्रज विद्वानानं १२६७मध्ये लॅटिनमध्ये पौर्णिमेच्या वेळा अशाच दिल्या. तुर्की आणि पोलिश भाषांत सेकंदाच्या साठाव्या भागासाठी ‘तिसरा’ या अर्थाचा शब्द अजून आहे. पण हे भाग फक्त कागदावरच्या गणितात होते, एवढी बारीक वेळ मोजणारं साधन कुणाकडे नव्हतं. साधनं आली तोवर दशमान पद्धतीनं जम बसवला होता. म्हणून सेकंदाच्या खाली आपण साठनं न भागता दहाच्या पटीत उतरतो आणि मिलिसेकंद म्हणतो. साठाची परंपरा ‘दुसऱ्या’पाशीच थांबली.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात तर साठ पूर्ण हद्दपार करण्याचा प्रयत्न झाला. १७९३च्या कायद्यानं दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं आणि मिनिटाचे शंभर सेकंद ठरवले. तो सेकंद आपल्या ०.८६४ सेकंदाएवढा भरे. १७९५मध्येच ही सक्ती मागे घेतली गेली. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते असं की इतकं सगळं बदलताना नावं त्यांनी जुनीच ठेवली. साठ गेले, तरी ‘दुसऱ्या विभागणीचा भाग’ हा अर्थ तिथे अगदी चपखल बसत होता.

आजच्या व्याख्येत मात्र विभागणीच उरलेली नाही. पूर्वी सेकंद म्हणजे सरासरी सौर दिवसाचा ८६,४००वा भाग. पण पृथ्वीच्या फिरण्याचा वेग अगदी एकसारखा राहत नाही. म्हणून १९६७मध्ये सेकंदाची व्याख्या सीझियम-१३३ या अणूवरून ठरली. त्या अणूतून निघणाऱ्या एका ठरावीक प्रारणाची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं व्हायला लागणारा वेळ म्हणजे एक सेकंद. आता सेकंद हे मूळ एकक आहे आणि मिनिट म्हणजे साठ सेकंद. आधी तासाला भागून मिनिट आणि मिनिटाला भागून सेकंद निघत असे, आता हिशेब खालून वर जातो. नाव तेवढं जुन्या क्रमाचं राहिलं आहे.

उरलेल्या अर्थांचं झटपट सांगतो. सभेत ठराव मांडला की दुसरा सदस्य तो ‘सेकंड’ करतो, म्हणजे अनुमोदन देतो. यात ‘दुसऱ्यानं बोलणं’ आहे असं वाटतं, पण मूळ वेगळं आहे. लॅटिनमध्ये जहाजाच्या मागून येणाऱ्या वाऱ्यालाही ‘सेकुंदुस’ म्हणत. मागून येणारा वारा अनुकूल, त्यावरून या शब्दाला ‘अनुकूल’ हा अर्थ आला आणि त्याचं क्रियापद झालं ‘साथ देणं’. तेच फ्रेंचमधून इंग्रजी सभागृहात पोचलं. द्वंद्वयुद्धात लढणाऱ्याच्या पाठीशी उभा राहणारा साथीदार किंवा मुष्टियोद्ध्याचा मदतनीस यांनाही ‘सेकंड’ म्हणतात. किंचित दोष असलेल्या मालाला ‘सेकंड्स’ म्हणतात, तो दुय्यम प्रतीचा म्हणून. ‘स्प्लिट सेकंड’ म्हणजे निमिषमात्र, हा प्रयोग शर्यतीच्या घड्याळांतून आला. त्यांत सेकंदाचे दोन काटे एकावर एक असत आणि एक थांबवून दुसरा चालू ठेवता येई.

आणि तुमचा ‘सेकंडेड’. त्याचं मूळ फ्रेंच लष्करी भाषेत आहे. तिथे ‘दुसऱ्या स्थानावरचा अधिकारी’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग होता. ब्रिटिश सैन्यात आपल्या पलटणीतून तात्पुरता बाहेर दुसऱ्या कामावर गेलेल्या अधिकाऱ्यासाठी तो वापरला जाऊ लागला आणि पुढे कार्यालयांत आला. म्हणजे हा क्रमाच्या ‘सेकंड’चाच फाटा. ब्रिटिश इंग्रजीत या क्रियापदाचा उच्चार ‘सिकॉन्ड’ असा होतो, जोर दुसऱ्या अवयवावर. ठरावाला अनुमोदन देण्याच्या क्रियापदाचा जोर मात्र पहिल्यावर. स्पेलिंग एकच असल्यानं वाचताना कळत नाही, मोठ्यानं म्हणायची वेळ आली की फरक पडतो. मराठीत याला ‘प्रतिनियुक्ती’ हा शब्द रूढ आहे, तोच द्या.

वर्गात कसं सांगावं, हे मुलांच्या तयारीवर आहे. कोन शिकून झाले असतील तर मी फळ्यावर २३° २६′ १०″ असं लिहून सुरुवात करीन. एक रेघ कशाची, दोन रेघा कशाच्या, हे त्यांनाच विचारीन. ‘पहिल्यांदा साठ भाग, मग त्यांतल्या एकाचे पुन्हा साठ’ हे त्यांच्या तोंडून निघालं की ‘सेकंड’ हा शब्द खाली लिहीन आणि मगच घड्याळाकडे वळेन. कोन झाले नसतील तर कागदाची पट्टी घेऊन तिचे आधी चार भाग आणि मग त्यांतल्या एकाचे पुन्हा चार भाग करून दाखवा. साठ भाग करायची गरज नाही. विभागणी दोन वेळा झाली, एवढं त्यांना दिसलं की पुरे. लॅटिन नावं त्यानंतर सांगा, आधी नको.